गुऱ्हाळांतील हायड्रॉस पूड : तिचे धोके व हाताळणी

गुळाचा सौदा डोळ्यांनीं होतो. चव पाहून भाव बोलणारा व्यापारी विरळा. अडत्याच्या दारांत रवा उघडला कीं प्रथम नजर जाते ती रंगाकडे, आणि पिवळ्याधमक व तांबूस मालाच्या भावांतील तफावत पुष्कळ वेळां वर्षाच्या मेहनतीवर पाणी फिरवावयास पुरेशी असते. ही अडचण आम्ही जाणतों. म्हणून उकळत्या रसांत 'हायड्रॉस' नांवाची पांढरी पूड टाकणाऱ्या बागाईतदारास नुसता दोष द्यावा या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत नाहीं. ती पूड वस्तुतः काय आहे, आणि डब्यांत, काहिलींत व गुळांत ती काय करते, हें ज्याच्या गुऱ्हाळावर तिचा डबा आहे त्यानें तरी नीट समजून घेतलें पाहिजे.

हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. रसायनशास्त्राच्या ग्रंथांत तिला सोडियम डायथायोनाइट असेंही म्हणतात. ही वस्तु मुळांत खाण्याची नव्हे. कापडास निळीसारखा पक्का रंग देतांना तो पाण्यांत विरघळावा म्हणून, तसेंच कागदाचा लगदा उजळ करण्यासाठीं, ती कारखान्यांतून वापरली जाते. प्राणवायु ओढून घेणें हा तिचा स्वभाव आहे, आणि तिच्या अंगचे सर्व गुण व सर्व दोष या एका स्वभावांतूनच निघतात. रसांतील रंगद्रव्यांवर तिची क्रिया झाली कीं काळपट रस घटकाभरांत पिवळा दिसूं लागतो. पण मळी काढून टाकावी तशीं तीं रंगद्रव्यें कोठें निघून गेलेलीं नसतात. तीं जागच्या जागीं असतात, फक्त दिसेनाशीं होतात. पुढें गुळास हवा लागत गेली कीं तीं पुन्हां रंग धरूं लागतात. सौद्याच्या दिवशीं सोन्यासारखा दिसलेला माल वखारींत कांहीं महिने राहिल्यावर काळवंडतो व त्यास पाणी सुटतें, ही तक्रार ज्यांनीं ऐकली आहे त्यांस तिचें एक कारण येथें सांपडेल.

आतां डब्याकडे वळूं. कोरडी व बंद असेपर्यंत ही पूड निमूट असते. तिला ओल लागली कीं मात्र ती हवेंतील प्राणवायु घेऊं लागते, तापते, व त्या तापानें तिचें विघटन अधिकच जोरानें होतें. ढीग मोठा असेल तर आंतली उष्णता बाहेर पडावयास वाव राहत नाहीं, आणि बाहेरून ठिणगी न लागतांही तो पेटतो. सुमारें ९० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता पोंचल्यास ती हवेंत आपण होऊनच फुटूं लागते. चुलवाणाच्या भिंतीलगत ठेवलेल्या डब्यास एवढी उष्णता लागणें मुळींच अवघड नाहीं.

दोन हंगामांमागें एका ओळखीच्या गुऱ्हाळावर आम्ही बसलों होतों. गुळव्यानें मळी काढलेल्या ओल्या झाऱ्यानेंच डब्यांतील पूड उकरली, झांकण वरचेवर टेकविलें, आणि तो काहिलीकडे गेला. थोड्या वेळानें डब्यांतून गंधकाचा उग्र वास व पाठोपाठ धूर निघूं लागला. जवळच्या एका पोरानें भल्या बुद्धीनें त्यावर तांब्याभर पाणी ओतलें, तों धूर दुप्पट झाला. वाळल्या चिपाडांची गंज तेथून दहा पावलांवर होती. दोघां गड्यांनीं लांब वेळूनें डबा लोटीत नेऊन तो जनावरांच्या भरल्या हौदांत बुडविला, तेव्हां कोठें तो निवला. तें सगळें पाणी मग उपसून टाकावें लागलें, आणि त्या रात्रीं बैलांना पाणी पाजण्यासाठीं ओढ्यावर न्यावें लागलें.

त्या पोराची चूक कोणाच्याही हातून होण्यासारखी आहे, म्हणून तिचा थोडा अधिक विचार करूं. आग म्हटली कीं पाणी किंवा माती हें आपल्या अंगवळणीं पडलें आहे. या पुडीच्या बाबतींत थोडें पाणी हें इंधनासारखें आहे. मातीनें वा वाळूनें दडपूनही भागत नाहीं, कारण एकदां जोर धरल्यावर तिला जळण्यास बाहेरची हवा लागतेच असें नाहीं. उपाय एकच, तो म्हणजे पाण्याचा लोंढा: मोटारीच्या पाइपानें एकसारखें इतकें पाणी सोडावें कीं पूड विरघळून थंड व्हावी. तेवढें पाणी हाताशीं नसेल तर एक घागरही ओतूं नये. माणसें वाऱ्याच्या वरच्या अंगास न्यावीं, भोंवतालचीं चिपाडें हलवितां आलीं तर हलवावीं, व अग्निशामक दलास कळवावें. मोठ्या प्रमाणावर काय होतें याचें उदाहरण अमेरिकेंतील आहे. न्यू जर्सी राज्यांतील लोडी येथें २१ एप्रिल १९९५ रोजीं एका रासायनिक कारखान्यांत हीच पूड व ॲल्युमिनियमची भुकटी यांचें मिश्रण चाललें असतां यंत्रांत पाणी शिरलें. मिश्रण आंतल्या आंत तापत गेलें, आणि अखेर झालेल्या स्फोटांत पांच कामगार दगावले. आपल्या गुऱ्हाळावर इतका सांठा नसतो हें खरें, पण तेथें यंत्रें व शिकलेलीं माणसें असून जें घडलें तें ओल शिरल्यानेंच घडलें.

आग न लागली तरी धोका टळत नाहीं. पूड ओली झाली, तापली किंवा आम्लाशीं मिसळली कीं सल्फर डाय-ऑक्साइड हा वायु सुटतो. जळत्या गंधकाचा जो वास घशांत बसतो तोच हा. हवेपेक्षां तो दुपटीहून जड आहे. म्हणून तो खालीं सांचतो, म्हणजे जेथें चुलवाणांत जाळ घालणारा गडी वाकलेला असतो व जेथें पोरें बसलेलीं असतात तेथें. डोळे चुरचुरणें व खोकला हें तर नेहमींचेंच. परंतु ज्यास दम्याची व्यथा आहे त्याचा श्वास थोड्याशा वायूनेंही कोंडतो. तोंडास बांधलेलें उपरणें पुडीची धूळ कांहींसें अडवील, वायूस अडवणार नाहीं.

येथें एक लहानसा हिशेब मांडतों. शुद्ध पुडीच्या १०० ग्रॅमपासून जास्तींत जास्त सुमारें ७३ ग्रॅम सल्फर डाय-ऑक्साइड निघूं शकतो. गुळांत हा वायु किलोमागें ७० मिलिग्रॅमहून अधिक नसावा असा आपल्या देशांतील दंडक आहे. म्हणजे १०० किलो गुळांत अवघा ७ ग्रॅम. तेवढ्यास साडेनऊ ग्रॅम पूड, म्हणजे चहाचे जेमतेम दोन चमचे पुरतात. गुऱ्हाळावर तर ती मुठीनें पडते. कोणी म्हणेल, उकळीबरोबर पुष्कळसा वायु उडून जातो. जातो खरा, पण तो जातो कोठें? काहिलीवर ओणवा झालेल्या गुळव्याच्या छातींत. गुळांत राहिला तर खाणाऱ्यास, न राहिला तर करणाऱ्यास, असा हा वांटणीचा व्यवहार आहे. शिवाय अन्नांत मिसळण्यास मान्य असलेल्या पदार्थांच्या यादींत ही पूडच नाहीं, त्यामुळें 'बेतानें घालतों' ही सबब तपासनिसापुढें टिकावयाची नाहीं.

रंगासाठीं दुसरा मार्ग कष्टाचा आहे, पण आहे. ऊस पक्व झाल्यावर तोडावा व शक्यतों त्याच दिवशीं गाळावा. रस गाळून घ्यावा. चुना मोजून घालावा, कारण तो अधिक झाला कीं रंग काळा पडतो. भेंडीचीं हिरवीं खोडें ठेचून पाण्यांत भिजवावीं व तो चिकट रस काहिलींत घालावा, म्हणजे गाळ त्यांत गुंतून मळीरूपानें वर येतो; उकळी फुटण्याआधीं ती मळी पुरी काढून घ्यावी. खारवट जमिनीचा किंवा उशिरा नत्रखत दिलेला ऊस कोणत्याही पुडीनें खरा सुधारत नाहीं. को ९२००५ सारख्या गुळास चांगल्या जातींविषयीं कोल्हापूर येथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रांत विचारपूस करावी.

हें सर्व वाचून कोणी आजच पूड सोडली, तरी घरांत उरलेल्या डब्याचें काय, हा प्रश्न राहतोच. डबा घट्ट झांकणाचा, कोरडा व जमिनीपासून उंच ठेवावा. पोरांच्या हातीं लागूं देऊं नये, आणि साखरेच्या किंवा मिठाच्या डब्याशेजारीं तर कधींच ठेवूं नये. सोरा, ब्लीचिंग पावडर, फॉस्फोरिक आम्ल व रासायनिक खतें यांच्या खोलींत तिला जागा नाहीं. सांडली तर कोरड्या केरसुणीनें कोरड्या पत्र्यावर भरावी. ओल्या फडक्यानें पुसूं नये, व सांडलेली पूड मूळ डब्यांत परत टाकूं नये. अंगावर पडल्यास आधीं झटकून मग भरपूर पाण्यानें धुवावी. डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटें पाण्यानें धुवून दवाखाना गांठावा. पोटांत गेल्यास ओकारी न काढवितां रोग्यास तडक डॉक्टरांकडे न्यावें.

न फोडलेला डबा दुकानदारास परत करणें बरें. थोडीच पूड उरली असेल तर उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, मोठ्या पिंपभर पाण्यांत ती चिमटी चिमटीनें सोडावी. पुडीवर पाणी कदापि ओतूं नये. तें पाणी विहिरींत, ओढ्यांत किंवा तळ्यांत जाऊं देऊं नये, कारण पाण्यांतील प्राणवायूही ही पूड खाऊन टाकते व मासे मरतात. पडीक जागीं तें जिरवावें, आणि रिकामा डबा धुवून ठेचून टाकावा, म्हणजे उद्यां त्यांत कोणी पीठ भरणार नाहीं.