लोकरंजन आणि वादग्रस्त सामाजिक प्रश्न : झाडीपट्टीच्या रंगभूमीपासून व्हिडिओ गेमपर्यंत

भाऊबीज झाली की गोंदिया जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. धानाची कापणी आटोपत आलेली असते आणि माहेरी आलेल्या लेकीबाळींनी व पाहुण्यांनी घरे भरलेली असतात. दिवसा मंडई व दंडार आणि रात्री नाटक हा येथील परंपरागत क्रम होय. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या वनप्रधान प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. तेथील नाटकांचा हंगाम दिवाळीपासून थेट होळीपर्यंत चालतो. तिकीट काढून रात्र जागविणारा ग्रामीण प्रेक्षक हा या रंगभूमीचा खरा आधार आहे.

दारू, हुंडा, अंधश्रद्धा, शेतकऱ्याचे कर्जबाजारीपण, हिंसेच्या मार्गाने गेलेला तरुण हे सारे विषय या रंगमंचावर आलेले आहेत. आज त्याच गावातील मुलांच्या हाती मोबाइल आला असून त्यावरील व्हिडिओ गेम हे रंजनाचे नवे साधन झाले आहे. हे गेमही आता युद्ध, निर्वासितांचे प्रश्न, मुलींचा व्यापार अशा विषयांना हात घालू लागले आहेत. ज्या प्रश्नांवर गावाचे एकमत नाही, ते प्रश्न करमणुकीच्या माध्यमातून कसे मांडावेत? माध्यम बदलले तरी हा प्रश्न कायम आहे.

जुनी परंपरा

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. ग्रहदशेची भीती घालून एका कुणबी दांपत्यास नाडणाऱ्या जोशाची ती कथा आहे. मधूनमधून येणारा विदूषक प्रेक्षकाला विचार करावयास लावतो आणि अखेरीस पती-पत्नी शिक्षणाकडे वळतात. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक स्वीकारले नाही. पुढे १८९९ मध्ये गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' रंगभूमीवर आले व बाला-जरठ विवाहाचा प्रश्न घराघरांत पोहोचला. सत्यशोधकी व आंबेडकरी जलशांनी हेच काम डफ-तुणतुण्याच्या साथीने केले.

विरोधही तितकाच जुना आहे. विजय तेंडुलकर यांच्या 'सखाराम बाइंडर' या नाटकावरून १९७२ मध्ये परिनिरीक्षण मंडळाशी वाद झाला व त्याचा निर्णय उच्च न्यायालयात लागला. वादग्रस्त विषय टाळणे हा समाजाचा सहज कल असतो. परंतु टाळलेला विषय नाहीसा होत नाही, केवळ बोलण्यातून हद्दपार होतो.

झाडीपट्टीची रीत

गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे या नाट्यव्यवसायाचे मुख्य केंद्र होय. गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील या गावी नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत. दंडार व खडी गंमत या लोककलांतून गाणे, विनोद आणि थेट संवाद यांचा वारसा या रंगभूमीला लाभला. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तिची दखल देशाने घेतली. चंद्रपूर जिल्ह्यातील नवरगावचे सदानंद बोरकर यांच्या 'आत्महत्या' या नाटकाने शेतकऱ्याच्या मृत्यूमागची व्यथा त्याच वर्गातील प्रेक्षकांसमोर मांडली.

या नाटकांत प्रश्न भाषणातून येत नाही, तो एका कुटुंबातून येतो. दारूबंदीचे उदाहरण घ्यावे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली व २०२१ मध्ये उठविण्यात आली. गोंदियात अशी जिल्हाव्यापी बंदी नाही. एकाच हंगामात एकच मंडळी या तिन्ही जिल्ह्यांत प्रयोग करते. मंडपात दारू विकणारा, पिणारा आणि पिणाऱ्याची पत्नी असे तिघेही बसलेले असतात. बंदी असावी की नसावी, यावर रंगमंचावरून निवाडा दिला तर निम्मा मंडप दुरावेल. मात्र रित्या झालेल्या डब्याकडे पाहणारी गृहिणी दाखविली, तर तिघांनाही आपले घर आठवते. हुंड्याचेही तसेच आहे. सोयरिकीची बोलणी याच दिवसांत निघतात. त्यामुळे रात्री पाहिलेला प्रसंग सकाळच्या बैठकीत डोळ्यांपुढे असतो.

तोल कोठे जातो?

ही रीत निर्दोष आहे असे नव्हे. गल्ल्यासाठी द्व्यर्थी विनोद व उथळ नृत्ये घुसविली की मूळ विषय झाकोळतो. त्याहून गंभीर दोष म्हणजे ज्या अनिष्ट गोष्टीवर टीका करावयाची तिलाच नकळत बळ देणे. जादूटोण्यावरील नाटकात करणी प्रत्यक्ष फळास आलेली दाखविली, तर एखाद्या निराधार स्त्रीवर चेटकिणीचा आळ घेणाऱ्यांच्या हाती तो पुरावाच दिल्यासारखे होते. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला आहे. कायद्याची भाषा आणि रंगमंचाची भाषा परस्परविरोधी असू नये. तसेच दुष्ट पात्र एखाद्या जातीचे वा जमातीचे प्रतिनिधी म्हणून उभे करणे आणि गावातील पीडित कुटुंब ओळखू यावे अशी मांडणी करणे, हेही टाळावयास हवे.

व्हिडिओ गेम : प्रेक्षक नव्हे, कर्ता

नाटक आणि व्हिडिओ गेम यांत एक मूलभूत भेद आहे. नाटकाचा प्रेक्षक दुसऱ्याची चूक पाहतो, तर गेममध्ये खेळणारा स्वतः निर्णय घेतो व त्याचे परिणाम भोगतो. पोलंडमध्ये २०१४ साली तयार झालेला 'धिस वॉर ऑफ माइन' हा गेम याचे उत्तम उदाहरण होय. त्यात खेळणारा सैनिक नसतो. वेढा पडलेल्या शहरात अन्न-औषधांवाचून दिवस काढणाऱ्या सामान्य माणसांचा भार त्याच्यावर असतो. शेजारच्या वृद्धाचे अन्न चोरावे काय, हे त्यालाच ठरवावे लागते. पोलंड सरकारने २०२० मध्ये या गेमचा समावेश शाळांसाठीच्या शिफारशींच्या यादीत केला.

भारतातही असे प्रयत्न झाले आहेत. कोलकात्याच्या कलावंत लीना केजरीवाल यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये 'मिसिंग' हा गेम निघाला. पळवून नेलेल्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून सुटकेचा मार्ग शोधणे, हा त्याचा गाभा आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या २०२० मधील 'राजी' या गेमची नायिका भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी आहे. उलटपक्षी, २००८ मध्ये 'फॉलआउट ३' हा गेम सांस्कृतिक भावनांचे कारण देऊन मायक्रोसॉफ्टने भारतात आणलाच नाही. विषय न मांडणे हाही एक निर्णयच असतो.

येथे आणखी एक भेद ध्यानी घेणे आवश्यक आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने बंदी घातली आहे. ई-क्रीडा व सामाजिक स्वरूपाच्या खेळांना मात्र त्याच कायद्याने प्रोत्साहनाची भूमिका घेतली आहे. सरसकट सर्व गेमना जुगार समजून निषेध करणे योग्य ठरणार नाही.

शिक्षक व ग्रामपंचायतींचे कार्य

नाटक समूहाने पाहिले जाते. प्रयोग संपला की पारावर, बांधावर, पाणवठ्यावर त्याची चर्चा होते आणि खरे प्रबोधन तेथेच घडते. मोबाइलवरील गेम मुलगा एकट्याने खेळतो. त्याच्या मनात उठलेला प्रश्न तेथेच विरून जाण्याचा संभव असतो. ही उणीव शिक्षकांनी भरून काढावयास हवी. विद्यार्थ्याला 'किती गुण मिळविले?' असे न विचारता 'कोणता निर्णय घेतला, आणि का?' असे विचारले, तर गेम हाही पाठ होऊ शकेल.

मंडईचे नाटक ठरविताना वा शाळेसाठी एखादा गेम निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पीडित व्यक्तीला माणूस म्हणून मान मिळतो काय? चुकणाऱ्याला सुधारण्याची वाट ठेवली आहे काय? अनिष्ट प्रथेचे आकर्षण तर वाढत नाही ना? आणि शेवटी विचाराला जागा उरते काय? या कसोट्यांना महागड्या साधनांची गरज नाही, थोडा वेळ आणि मोकळे मन पुरेसे आहे.

ज्या गावात नाटकाच्या दुसऱ्या दिवशी दारूविषयी किंवा हुंड्याविषयी मोकळेपणाने बोलले जाते, त्या गावातील ग्रामसभेतही हे विषय निघू शकतात. मंडपात रुजलेली ही मोकळी चर्चा मोबाइलच्या पडद्याभोवतीही रुजविणे, हे आज ग्रामीण भागातील प्रत्येक जाणत्या कार्यकर्त्याचे कर्तव्य ठरते.