वेग दाराशी, खोळंबा घरात

रात्रीची जेवणे आटोपून सारे कुटुंब दूरचित्रवाणी संचापुढे बसावे आणि नेमक्या रंगलेल्या प्रसंगी चित्र थिजून पडद्यावर वर्तुळ गरगरू लागावे, हा अनुभव आता कोणाला नवा नाही. त्यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे अधिक पैसे भरून अधिक वेग घेणे. परंतु ठरावीक पगारात महिना काढणाऱ्या शिक्षकाने वा कारकुनाने तत्पूर्वी विचारावयास हवे : चित्रपटाला वेग लागतो तरी किती?

नेटफ्लिक्सच्याच शिफारशीनुसार १०८० रेषांच्या स्वच्छ चित्राला सेकंदाला ५ मेगाबिट आणि त्याहून सूक्ष्म अशा 'फोर-के' चित्राला १५ मेगाबिट पुरतात. म्हणजे ज्या घरी १०० मेगाबिटची जोडणी आहे, तेथे हिशेबाने असे सहा सूक्ष्म चित्रपट एकाच वेळी चालावेत. मग एकच का अडखळतो?

याचे कारण बहुधा शेवटच्या वीस पावलांत सापडते. दारापर्यंत वेग तारेतून येतो. पुढे तो वाय-फायच्या लहरींवर स्वार होतो. यांपैकी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोहोचतात. पण त्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग जेमतेम तीन, आणि त्यांवर साऱ्या इमारतीची वर्दळ! मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात ढवळाढवळ करते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा ऐसपैस. पण भिंतींपुढे त्या लहरी लवकर दमतात. शिवाय एका मार्गावर एका वेळी एकानेच बोलावयाचे, इतरांनी थांबावयाचे, असा वाय-फायचा शिरस्ता आहे. १९९७ साली पहिल्या मानकाचा वेग अवघा २ मेगाबिट होता. आज राउटरच्या खोक्यावर हजारांचे आकडे छापलेले असतात. तथापि ते कमाल मर्यादेचे आकडे. आतल्या खोलीत त्यांचा अल्पांशच पोहोचतो.

चित्रपट पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो, म्हणून लहानसहान खंड तो पचवितो. थेट चाललेल्या तासिकेला ही सवलत नाही. आतल्या खोलीत अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचे निसटलेले वाक्य निसटतेच. म्हणून हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही.

खरा दोष कोठे आहे, हे पाहणे मात्र सोपे आहे. प्रथम राउटरशेजारी आणि मग आतल्या खोलीत वेग मोजावा. शेजारी भरपूर आणि आत तोकडा असेल, तर दोष घरातला. पोलादी कपाटामागे दडविलेला राउटर उंच, मोकळ्या आणि मध्यवर्ती जागी आणावा. दूरचित्रवाणी संच शक्यतो तारेनेच जोडावा. एका तारेचा खर्च एकदाच होतो; वाढीव वेगाची वर्गणी दरमहा भरावी लागते. उलट, राउटरला थेट तार जोडूनही वेग तोकडाच भरत असेल, तर निःसंकोच तक्रार करावी. 'ब्रॉडबँड' या नावावर विसंबू नये. २०२३ साली सुधारलेल्या सरकारी व्याख्येतही त्याची किमान मर्यादा २ मेगाबिटच आहे.

घरचे वाय-फाय चित्रपटाला पुरते काय? बहुतेक घरांत पुरते. मात्र त्याला वाट मोकळी करून द्यावी लागते. गळका माठ भरण्यासाठी मोठी तोटी बसविण्यात शहाणपण नाही.