तटस्थ मताचं गणित

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदान झालं, की फलकावर देशांच्या नावांपुढे रंग उमटतात. बाजूने हिरवा, विरोधात लाल, तटस्थ असेल तर पिवळा. २ मार्च २०२२ रोजी युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणारा ठराव १४१ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला. ३५ देश तटस्थ राहिले, त्यांत भारत होता.

महत्त्वाच्या ठरावाला दोन तृतीयांश मतं लागतात; पण ती मोजताना तटस्थ देश धरलेच जात नाहीत. ऑक्टोबर २०२३मध्ये गाझाच्या ठरावात हमासच्या हल्ल्याचा निषेध घालण्याची कॅनडाची दुरुस्ती ८८ विरुद्ध ५५ अशी पुढे असूनही पडली. एकूण १४३ मतांत ९६ हवी होती. भारताने या दुरुस्तीच्या बाजूने मत दिलं, मूळ ठरावावर मात्र तो तटस्थ राहिला. डिसेंबरमध्ये युद्धविरामाच्या ठरावाला त्याने पाठिंबा दिला.

म्हणून नुसता रंग पाहून देशाची भूमिका ठरवणं मला घाईचं वाटतं. युक्रेनच्या मतदानानंतर भारताने रशियाचा निषेध केला नाही, पण सार्वभौमत्वाचा आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा आग्रह स्पष्ट मांडला. अशी निवेदनं भारताच्या न्यूयॉर्कमधील स्थायी शिष्टमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. ती जरूर वाचा.