उसनी जाग

परीक्षांचा हंगाम जवळ आला की आपल्याकडे जागरणाचे गोडवे गायले जाऊ लागतात. चहाच्या पेल्यावर रात्र काढणे नवे नाही. परंतु डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळावयाच्या उत्तेजक गोळ्या अभ्यासासाठी घेण्याचा मोह ही निराळी आणि अधिक गंभीर बाब आहे.

मेथिलफेनिडेट हे अशा औषधांपैकी एक. लक्ष एकाग्र न होणे व अतिचंचलता या विकाराच्या रुग्णांना योग्य मात्रेत त्याचा खरोखर उपयोग होतो. त्यांना नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. मेंदूतील डोपामाइन व नॉरअॅड्रेनलिन या द्रव्यांचा प्रभाव ते वाढविते. पण त्याचा ताण हृदयावरही पडतो. मात्रा वाढली की नाडी व रक्तदाब चढतो, भूक मरते, झोप उडते. अतिरेक झाल्यास संशय, भास, आकडी आणि हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड इथवर मजल जाते.

१३ जुलै १९६७ रोजी ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीत, रणरणत्या उन्हात माँ व्हाँतू पर्वत चढताना ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्प्सन कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात अॅम्फेटामिन व मद्य आढळले. थांबण्याची सूचना देणारा थकवाच औषधाने दडपला गेला होता. जपानमध्ये तर ‘फिलोपॉन’ या नावाने मेथअॅम्फेटामिन दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून राजरोस विकले जात होते. युद्धानंतर त्याचे व्यसन इतके फोफावले की १९५१ साली सरकारला खास कायदा करावा लागला.

एवढी जोखीम पत्करून पदरात काय पडते? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांच्या प्रयोगात ४० निरोगी प्रौढांना अशी औषधे देऊन अवघड कोडी सोडवावयास दिली. त्यांनी धडपड अधिक केली, वेळही अधिक घेतला. परंतु त्या धडपडीचा दर्जा मात्र घसरला. गोळी उत्साह देते, बुद्धी देत नाही, असाच याचा अर्थ. शिवाय वाचलेले स्मरणात पक्के होते ते झोपेत, आणि नेमकी तीच झोप ही गोळी हिरावून घेते.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली मेथिलफेनिडेटवर नियंत्रण आहे. मात्र कायद्याचा हात औषधाच्या दुकानापर्यंत पोचतो. मित्राने मित्राला दिलेल्या गोळीपर्यंत तो सहसा पोचत नाही. तेथे शिक्षकांनी व पालकांनीच पोचावयास हवे. रात्रभर जागणाऱ्या मुलाचे कौतुक करण्याऐवजी त्याला वेळेवर झोपावयास सांगणे हे त्यांचे पहिले कर्तव्य होय. ज्याचे लक्ष खरोखरच लागत नसेल, त्याला मित्राची गोळी नव्हे, तर डॉक्टरांची तपासणी मिळाली पाहिजे. गुण पुढच्या वर्षीही मिळविता येतील. बिघडलेले हृदय वा भ्रमिष्ट झालेले मन पूर्ववत होईलच, याची हमी कोणी द्यावी?