धावडा-भोकरदनचा भाग आज जिल्ह्याच्या टोकाला आहे, पण तो आडबाजूला पडला कसा?

जालना जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि उत्तरेच्या टोकाला बघा. तिथं अजिंठा-बुलढाणा रस्त्यावर धावडा नावाचं गाव आहे, तालुका भोकरदन. इथं मराठवाडा संपत येतो आणि थोडं पुढं गेलं की विदर्भ लागतो. त्यामुळं हा भाग कायम 'टोकाचा' म्हणूनच ओळखला जातो. पण आधी तसं नव्हतं.

पाणी दोन समुद्रांकडं

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेचं पाणी तापीतून अरबी समुद्राला जातं. दक्षिणेचं पाणी मात्र केळणा, पूर्णा, गोदावरी असं करत थेट बंगालच्या उपसागराला मिळतं.

भोकरदनचं पॉम्पेई कनेक्शन

याच केळणेच्या काठावर भोकरदन आहे, जुनं नाव भोगवर्धन. पैठणहून उज्जैनला जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचं हे भरभराटीचं शहर. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत इथले लोक होते, तसे शिलालेखच आहेत.

१९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठानं इथं उत्खनन केलं. त्यात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा खालचा भाग सापडला. तशीच मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत मिळाली होती, इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीत गाडलेल्या शहरात. ती मूर्ती भोकरदन परिसरातच घडली असावी, असं काही अभ्यासक मानतात.

मग सीमा आली

२३ सप्टेंबर १८०३ ला याच परिसरात असईची लढाई झाली. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या वेलस्लीनं इथं शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडं दिला. बुलढाणा इंग्रजी अंमलात गेलं, भोकरदन निजामाकडं राहिलं. शेजारच्या गावांमध्ये दोन राजवटींची हद्द उभी राहिली. ज्या भागातून वाटा जायच्या, तो दोन्हीकडच्या कारभाराचा शेवटचा कोपरा झाला.

हद्द गेली, कोपरा राहिला

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. १९५६ मध्ये मराठवाडा आणि विदर्भ एकाच राज्यात आले. १ मे १९८१ ला औरंगाबादमधून जालना जिल्हा वेगळा झाला आणि भोकरदन तालुका त्यात आला. राजवटींची हद्द मिटली, पण जिल्ह्याची रेषा तिथंच राहिली. धावड्याला टोकाचं गाव केलं ते या रेषेनं, डोंगरानं नाही.