रुग्णालयाच्या हिरवळीवरील धनुर्विद्या

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिक सामन्यांचा समारंभपूर्वक आरंभ होत असता, त्या राजधानीपासून फार दूर नसलेल्या एल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्च्यांत बसलेले चौदा पुरुष व दोन स्त्रिया धनुष्यबाण घेऊन लक्ष्यासमोर ठाकल्या होत्या. त्या समारंभाच्या मानाने हा प्रकार अगदीच घरगुती. परंतु आज पॅरालिंपिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रीडामहोत्सवाचे मूळ शोधीत गेले असता ते त्याच हिरवळीवर सापडते.

हा घाट घालणारे डॉ. लुडविग गुटमन हे नाझी राजवटीच्या जाचामुळे १९३९ मध्ये जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू मज्जातंतुतज्ज्ञ. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचे अंग लुळे पडलेला शिपाई त्या काळी जवळजवळ मृतांच्याच खात्यात जमा धरला जाई, कारण एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारे शय्याव्रण आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग यांमुळे अशा बहुतेकांचा थोड्याच काळात अंत होत असे. फेब्रुवारी १९४४ मध्ये अशा रुग्णांचा विभाग हाती येताच गुटमन यांनी, दिवस असो वा मध्यरात्र, दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस पालटण्याचा सक्त हुकूम काढला. मरण लांबले, पण लांबलेल्या आयुष्यातला दिवस कसा घालवावा, हा प्रश्न औषधालयात सुटणारा नव्हता. मग काठ्यांनी खेळावयाचा खुर्चीवरचा पोलो सुरू झाला, आणि ज्यांना परिचारिका फुलासारखे जपत तेच वीर एकमेकांवर अशा खुर्च्या आदळू लागले, की तो खेळ धोक्याचा म्हणून बंद करावा लागला. धनुर्विद्या मात्र टिकली. ज्याला यापुढे अंथरुणातून खुर्चीत स्वतःचा देह हातांनीच उचलून न्यावयाचा आहे, त्याच्या खांद्यांना व पाठीला तिने बळ येते. शिवाय बसलेल्या धनुर्धराला उभ्या असलेल्याकडे सवलत मागण्याचे कारण उरत नाही. न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल १९८४ मध्ये लॉस अँजेलिसच्या ऑलिंपिकमध्येच चाकाच्या खुर्चीवरून नेम धरून बसल्या, तेव्हा गुटमन यांचा तर्क खरा ठरला.

१९५२ मध्ये हॉलंडचे माजी सैनिक आले व सामने आंतरराष्ट्रीय झाले. १९६० मध्ये रोमला तेवीस देशांचे सुमारे चारशे खेळाडू जमले. १९७६ पासून अंध व अवयव गमावलेले स्पर्धकही दाखल झाले, तेव्हा अधरांगाच्या पक्षाघाताचा निर्देश करणारे ‘पॅरा’ हे अक्षरयुग्म अपुरे पडू लागले आणि त्याचा अर्थ ‘समांतर’ असा लावण्यात आला. रुग्णांचा व्यायाम म्हणून जन्मलेली गोष्ट स्वतःच्या हक्काने खेळ झाली, ती या वळणावर.

हे खेळपण दयेने नव्हे, नियमांनी राखलेले आहे. खुर्चीवरील बास्केटबॉलच पाहा. शारीरिक क्षमतेनुसार प्रत्येक खेळाडूला एकपासून साडेचारपर्यंत गुण देतात. ज्याचे धड कमी साथ देते त्याचे गुण कमी, आणि मैदानावरील पाचांची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये. परिणामी, कमी क्षमतेच्या खेळाडूला सरसकट बाहेर बसवण्याची सोय कोणत्याही संघनायकाला राहत नाही. त्याच्यावाचून बेरीज जुळतच नाही! चाके दोनदा ढकलून झाली की चेंडू आपटावा, टाकावा वा सोडावा लागतो, आणि झटकन वळता यावे म्हणून ती चाकेही खाली फाकलेली, तिरपी बसवलेली असतात. इतका न्याय्य हिशेब आमच्या धडधाकटांच्या खेळात क्वचितच आढळतो.

या इतिहासात महाराष्ट्राचा भाग मोलाचा आहे. जखमी सैनिकांना उद्योग शिकवणारी, १९१७ मध्ये स्थापन झालेली संस्था पुण्याजवळच्या खडकीत आहे, आणि अधरांगाने लुळ्या झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्रही तेथेच आहे. पण पहिले नाव घ्यावे ते सांगली जिल्ह्यातील पेठ येथील मुरलीकांत पेटकर यांचे. मुळात हे मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले, आणि उपचार म्हणून पाण्यात उतरले ते पाण्याचेच होऊन राहिले. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळाली २०१८ साली. दफ्तरांची चाके खुर्चीच्या चाकांपेक्षा सावकाश फिरतात, त्याला इलाज नाही.

त्याच सांगली जिल्ह्यातील, आटपाडी तालुक्याच्या करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ मध्ये पॅरिसला १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. शालेय वयातील अपघाताने त्यांचा एक हात निकामी झालेला. एकाच स्पर्धेत देशाला एकोणतीस पदके, त्यांपैकी सात सुवर्ण, ही पॅरिसची कमाई पेटकरांच्या एकट्या पदकाशेजारी ठेवून पाहिली म्हणजे मधल्या बावन्न वर्षांतील वाटचालीचा अंदाज येतो.

‘पंगू’, ‘अपंग’, ‘दिव्यांग’ अशी नावे मात्र याच काळात आम्ही हौसेने बदलीत आलो. आमच्या तालुक्याच्या क्रीडासंकुलात शिरताना अजून सात पायऱ्या लागतात. उतार बांधण्याची तजवीज, चौकशीअंती कळले त्याप्रमाणे, मंजुरीसाठी वर गेली आहे.