सोसायटीतले घर : सौदा करण्यापूर्वी दोन्ही बाजू पाहा

कापडाचा व्यापारी थान घेताना आधी ते उलगडून पाहतो. पोत, पन्हा, रंग तपासतो आणि मगच भाव बोलतो. फ्लॅट घेताना मात्र आपले बरेच दुकानदार व कारागीर बांधव भाव, पाणी आणि मशिदीचे अंतर एवढेच विचारतात. इमारतीची सोसायटी नोंदलेली आहे काय, जमीन कोणाच्या नावावर आहे, महिन्याचा मेंटेनन्स कशाचा, हे प्रश्न राहून जातात. आयुष्यभराची कमाई ज्यात घालायची, त्या सौद्याच्या दोन्ही बाजू पाहणे जरुरीचे आहे.

सोसायटी म्हणजे काय?

गृहनिर्माण सोसायटी ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली संस्था असते. ही कल्पना जुनी आहे. मुंबईत गावदेवीला सारस्वत समाजाने १९१५ साली अशी सोसायटी उभी केली. या कारभारात भांडवलाला मोठेपणा नाही. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याचे वजन जास्त. येथे एका खोलीवाल्यालाही एकच मत आणि मोठ्या दुकानदारालाही एकच मत. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा होते. हिशेब तिच्यासमोर ठेवावा लागतो. मशवऱ्याने कारभार करण्याची आपल्याला जी शिकवण आहे, तिच्याशी हे जुळणारेच आहे.

फायदे

पहिला फायदा जमिनीचा. फ्लॅट आपला झाला तरी इमारतीखालची जमीन अनेक ठिकाणी बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावरच राहते. सोसायटी नोंदलेली असेल तर ती खरेदीखत करून घेऊ शकते. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर २००८ च्या दुरुस्तीपासून मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला आहे. एकट्या फ्लॅटधारकाच्या हातून हे काम होत नाही. जमीन सोसायटीच्या नावावर नसेल तर उद्या इमारत पाडून नवी बांधण्याची वेळ आल्यावर रहिवाशांचे बोलणे कमजोर पडते.

दुसरा फायदा जिवाच्या सलामतीचा. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा भागात बेकायदा बांधलेली इमारत कोसळून ७४ जण दगावले. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीतील जिलानी इमारत कोसळली आणि सुमारे ४० जणांचा जीव गेला. सोसायटी असली की इमारत आपोआप मजबूत होते असे नाही. पण डागडुजीचा पैसा गोळा करणारे आणि जबाबदारी घेणारे कोणी तरी असते. २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करायचे असते. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड याच कामासाठी असतात. मेंटेनन्स वाढला म्हणून ओरडण्यापूर्वी हा पैसा कोठे जातो ते पाहावे.

तोटे

पहिली अडचण धंद्याची. फ्लॅट ज्या वापरासाठी दिला त्याच वापरासाठी ठेवावा, असा नियम असतो. घरात बायका एखाद्या मशीनवर शिलाई करतात ते कोणाला खटकत नाही. पण जरीचे अड्डे लागले, दहा कारागीर येऊ लागले, जिन्यात गाठोडी पडली, की तक्रार जाणार आणि ती रास्तही असेल. ज्यांचे काम घरातूनच चालते त्यांनी गाळा वेगळा घ्यावा. तो खर्च घराच्या हिशेबात आधीच धरावा.

दुसरी अडचण समितीच्या मनमानीची. चार माणसे वर्षानुवर्षे खुर्ची धरून बसतात, हिशेब दाखवत नाहीत. येथे हक्क माहीत हवेत. महापालिका हद्दीत फ्लॅट हस्तांतराचे प्रीमियम २५ हजार रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. कुटुंबातल्या कुटुंबात हस्तांतर असेल तर ते लागत नाही. घर भाड्याने दिल्यास बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. फी भरून ठराव व हिशेबाच्या नकला मागता येतात. ‘डोनेशन’ म्हणून मागितलेली रक्कम पावतीशिवाय देऊ नये.

तिसरी अडचण आपल्याला जास्त जाणवणारी. नाव ऐकताच फ्लॅट ‘विकला गेला’ म्हणून सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात, उपविधीत एका समाजापुरते सभासदत्व ठेवता येते, असे म्हटले. पण उपविधीत जी अटच नाही, ती समितीने तोंडी लावणे कायद्याला धरून नाही. सभासदत्वाचा अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. सबळ कारणाशिवाय नकार देता येत नाही आणि नकाराविरुद्ध निबंधकाकडे दाद मागता येते. तोंडी बोलण्याला मात्र कचेरीत किंमत नसते.

सूद आणि वारसा

थकलेल्या मेंटेनन्सवर व्याज लागते. २०१४ च्या आदर्श उपविधींत त्याची मर्यादा सालीना २१ टक्के ठेवलेली होती. व्यापारात उधारी थकवण्याची सवय येथे महाग पडते, आणि सूद देण्याचा गुनाह वेगळा. पहिल्या आठवड्यातच चेक द्यावा.

नॉमिनीविषयी मोठा गैरसमज आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासदाच्या इंतकालनंतर त्याच्याकडे घर अमानत म्हणून येते. हक्क वारसांचाच राहतो. थोरल्या मुलाचे नाव फॉर्मवर लिहिले म्हणून बेवेचा आणि मुलींचा शरई हिस्सा बुडत नाही. असे झगडे अनेक घरांत कोर्टापर्यंत गेले आहेत. म्हणून नॉमिनेशन जरूर भरावे, पण सर्व वारसांना बसवून हिस्से हयातीतच समजावून सांगावेत.

बयाणा देण्यापूर्वी

सोसायटीचा नोंदणी क्रमांक, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, जमिनीचे खरेदीखत, मागील ऑडिट आणि विकणाऱ्याची थकबाकी, एवढे कागद मागा. जेथे सोसायटीच झालेली नाही तेथे रहिवाशांनी एकत्र येऊन नोंदणीचा अर्ज करावा.

आणि घर घेतल्यावर सभेला जा. आपले लोक दुकान बंद करून वलीम्याला जातात, सभेला जात नाहीत. मग ज्यांनी हजेरी लावली त्यांनी ठरवलेले मुकाट्याने भरावे लागते. अमानतीचा हिशेब मागणे म्हणजे भांडण नव्हे. नरमाईने, पण लेखी मागावा. आपल्यापैकी कोणी खजिनदार झाला तर त्याने न मागताच तो द्यावा.